कोरडे घसे

पोर्ता लामेच्या चौकात एका अनोळखी बाईने निवेसला बाहीला धरून मागे ओढलं आणि तिच्या कोटाला चाटून बस निघून गेली. "कान फुटलेत का गं बाई तुझे?" ती बाई खेकसली. बोलोन्याच्या बायका जीव वाचवतात तेव्हासुद्धा आधी फैलावर घेतात. निवेसने बाही सोडवून घेतली. "तारेवरची बस आहे. तिला कुठला आवाज?" असं म्हणून ती चालायला लागली. ते खोटंही नव्हतं. या विजेच्या बसगाड्या मांजरासारख्या येतात, सगळं गाव कुरकुरतं. पण रस्ता ओलांडून पदपथावरच्या कमानींखाली आल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आपल्याच टाचांचा आवाज आपल्याला एका बाजूनेच येतोय. उजव्या अंगाला भिंत होती, दुकानांची दारं होती, कुणीतरी कपबशा आदळत होतं, ते सगळं स्वच्छ येत होतं. डाव्या अंगाला रस्ता होता. त्यावर मोटारी धावत होत्या, माणसं तोंडं उघडमीट करत होती, आणि ते सगळं कुठल्याशा लांबच्या खोलीत, दार लावून चालल्यासारखं. तिने मान वळवली, रस्ता बोलायला लागला. मान सरळ केली, रस्ता गप्प. सर्दी आहे, ती मनाशी म्हणाली. हिवाळा सुरू झाल्यापासून ती हेच म्हणत आली होती. भाजीची पिशवी तिने या हातातून त्या हातात घेतली, जणू त्या ओझ्यानेच कान दडपला होता, आणि गॅरेजचं कुलूप काढून आत शिरल्यावर कोटही न उतरवता खिळ्यावरची, इंजिनं ऐकायची रबरी नळी खाली घेतली. नळीचं एक टोक डाव्या कानात घातलं. इतकी वर्षं त्याच कानात जाऊन जाऊन ते टोक त्या कानाच्या आकाराचं झालं होतं, चांगल्या जुन्या चपलेसारखं. दुसऱ्या टोकातून तिने फुंकर घातली. वारा लागला. आत, अगदी पडद्यापर्यंत, गार लागला. आवाज नव्हता. तिने पुन्हा फुंकलं, जोरात, डोळ्यांत पाणी येईतो. मग नळी उजव्या कानात घातली. तिथे आवाज आला, पण तो कुणा परक्या माणसाच्या फुंकरीसारखा. नळीसुद्धा तिथे नीट बसेना.

फळीवर, जुन्या चादरीच्या तुकड्यावर, इंजिनाला हवा-पेट्रोल पाजणारे तीन कार्बुरेटर ओळीने बसलेले होते. मधाच्या रंगाचे. खिडकीतून ऊन आलं की त्या जस्ताच्या ओतीव अंगावर कधी पिवळा, कधी हिरवट, कधी चक्क गुलाबी लवलवाट उठायचा. कारखान्यात ओतल्यावर एका रसायनात बुडवून काढत, त्याची ती झिलई. साबणाच्या फुग्यावर असते तशी, आणि जवळपास तेवढीच नाजूक. हे तिन्ही होते वकील मालागुती यांच्या वडिलांच्या निळ्या गाडीचे. बारा सिलिंडरची दोन माणसांपुरती गाडी, मोदेनात घडलेली. म्हाताऱ्या मालागुतींना ती धुक्याच्या सकाळी कधी सुरूच करता यायची नाही. एकदा कोर्टाला उशीर झाला तेव्हा ते गॅरेजमध्ये येऊन निवेसच्या नवऱ्याला म्हणाले, "दोरांदो, या तीन सटव्या काढून फेकून दे आणि सांगितलेलं ऐकतील अशा बसव." दोरांदोने साधे कार्बुरेटर बसवून दिले. जुने फेकले मात्र नाहीत. तेलकागदात गुंडाळून वर ठेवले. त्या काळी असंच चालायचं. गिऱ्हाईक जे टाकून देई ते मेकॅनिकचं, त्यात लपवाछपवी नव्हती. "गाडीच मागायला येईल बघ एक दिवस," दोरांदो म्हणायचा. दोरांदो गेला, म्हातारे मालागुती गेले, आणि आता गाडी खरंच आली होती. वकीलसाहेबांना ती विकायची होती. घेणारा परदेशातला, त्याच्याकडे काचेच्या भिंतींचं एक दालन होतं आणि त्याला जन्मल्या दिवशी होती तशीच गाडी हवी होती. जन्माचे कार्बुरेटर असले तर किंमत एक माडी वर चढत होती. ते निवेसकडे होते, निवेसचे होते, आणि द्यायला तिची ना नव्हती. मोबदल्याचंही तिने ताणलं नव्हतं. तिची अट एकच: खोलून, दुरुस्त करून, ते मी त्याच इंजिनावर चढवीन, त्यांच्यात पेट्रोल भरीन, आणि प्रत्येकाचे हवा ओढणारे दोन, असे सहाही घसे माझ्या कानाने एकसारखे जुळवीन. मग न्या. वकीलसाहेब लगेच हो म्हणाले होते. त्यांना वाटलं, ही काय अट झाली. नाही म्हणाला तो लेआर्को, तिचा सख्खा थोरला भाऊ, ज्याच्या हाती गाडीचं मूल्यांकन होतं.

लेआर्को दुपारी आला. हॅट काढली नाही, भिंग काढलं. कार्बुरेटरच्या कारखान्यात दोघंही एकाच काळात होते. तो ओतकाम तपासायचा, ती चाचणीच्या दालनात. त्याची नजर आणि तिचा कान, अशी घराण्याची वाटणीच झाली होती म्हणायची. तो कार्बुरेटरवर इतका वाकला की श्वासाने धातू धुरकटला. मग खिशातल्या रुमालानेही न पुसता तो मागे सरला, आपोआप उडेपर्यंत थांबला.

"हा रंग मी आल्प्सच्या अलीकडे दुसरा पाहिला नाही," तो म्हणाला.

"मीसुद्धा नाही."

"मग कशाला पेट्रोल ओततेस त्यात? हल्लीचं पेट्रोल म्हणजे अर्धं औषध. एकदा आत गेलं की जस्त काळवंडणार, मग पांढरा भुगा धरणार. नंतर कितीही सुकव. तू खोल, वॉशर बदल, दांडे बसव, सगळं कर. कोरडं कर आणि कोरडं दे."

"कार्बुरेटर आहे तो, लेआर्को. काय पाजू त्याला, कॉफी?"

"काही पाजू नकोस. इतकी वर्षं जे प्यालं नाही त्याला आजच तहान लागली का?"

"तुझ्या कागदावर काय लिहिणार? चालू स्थितीत?"

"चालण्याजोगे, असं लिहीन. दोन्हींत फार फरक नसतो."

"माझ्याकडे असतो. मी न ऐकता सही दिलीय कधी?"

तो खुर्चीत बसला. गुडघे दुखत होते त्याचे, आणि तिला ते दिसत होतं. "हे बघ, निवेस," तो जरा हळू बोलला, "मी काही त्या परदेशी माणसासाठी सांगत नाही. आपण बनवलेल्यातलं बोट न लागलेलं असं आता काहीच उरलं नाही. सगळं घासलं, चोळलं, रंगवलं लोकांनी. हे एक उरलंय. राहू दे ना. माणसांनी बघावं, की असं होतं."

तो खोटं बोलत नव्हता. हीच तर पंचाईत होती. लबाड असता तर निवेसने त्याला भाकरी-मोर्तादेल्ला खाऊ घालून वाटेला लावला असता. "तुला बघायला मिळालं ना?" ती म्हणाली. "मग मला ऐकायला मिळू दे." आणि हे म्हणताना तो तिच्या डाव्या बाजूला होता, म्हणून तिने आधीच मान अशी तिरपी धरली होती, की त्याला वाटलं असेल बहीण आज फारच ताठ्यात आहे.

तो गेल्यावर ती कामाला लागली. हात चालू असले की मन आपलं कुठेही फिरतं. पेट्रोलवर तरंगणारे पितळेचे पोकळ फ्लोट तिने एकेक करून गरम पाण्यात दाबून धरले. दोहोंतून काही आलं नाही, तिसऱ्याच्या सांध्यातून मोहरीएवढे बुडबुडे निघाले. त्याला कथलाचा डाग द्यायला हवा. पण डाग देताना हात सैल सुटला तर फ्लोट जड होतो, जड फ्लोट खाली बसतो, पेट्रोलची पातळी चढते आणि घसा भरून वाहतो. घाईतला मेकॅनिक मग महिनाभर स्क्रूच पिळत राहतो आणि दोष जेटला, पेट्रोलच्या त्या बारीक छिद्राला देतो. जुना डाग उतरवायचा, वजन करायचं, नवा तितकाच द्यायचा. उतरवल्याशिवाय देता येत नाही. तिला कारखान्यातलं लांबच लांब दालन आठवलं. एका रांगेत मुली, निळे झगे, समोर पाण्याचे उभे स्तंभ, जेटमधून पडणारी धार मोजायची. सगळ्या बोलायच्या, गायच्या, कुणाचं लग्न कुणाशी मोडलं सांगायच्या, आणि हात चालू. तिथून तिला चाचणीच्या इंजिनाकडे नेलं इरिदेने. इरिदे जाडजूड, मिशाळ, पुरुषांनाही दम भरणारी. तिने निवेसच्या हातात नळी दिली आणि म्हणाली, "इंजिन ऐकू नकोस, ते सगळ्यांना ऐकू येतं. घसा ऐक." निवेसने नळी सहज डाव्या कानात घातली होती. का, कुणास ठाऊक. उजव्या हातात स्क्रूड्रायव्हर होता म्हणून असेल. आणि त्या गदारोळात, जिथे शेजारणीचं ओरडणंही पोचत नव्हतं तिथे, एक बारीक सुसकारा तिच्यापर्यंत चालत आला, एकट्या तिच्यासाठी, रेशीम फाडावं तसा. नंतर लग्न झालं, मूल झालं नाही, दोरांदोच्या छातीचं दुखणं झालं, तो सुसकारा होता तिथेच होता. माणसं म्हणत, निवेसच्या हाताला गुण आहे. हाताला कसला, तिला वाटे.

डॉक्टरकडे ती गेली, कुणाला न सांगता. तरुण डॉक्टर होता, अदबीचा. नस सुकली आहे, परत यायची नाही, म्हणाला. दुसऱ्या कानाचं सांगता येत नाही. राहील किंवा जाईल. "आवाजात काम करता का?" त्याने विचारलं. "आवाजाचं काम करते," ती म्हणाली. त्याने मान हलवली. त्याला ते एकच वाटलं असावं.

पहाटेच्या प्रार्थनेला जाण्याचा नेम तिने या दिवसांतही मोडला नाही. आईकडून आलेला नेम. आई भाताच्या खाचरांत कमरेएवढ्या पाण्यात राबून आलेली बाई; तिने पोरीला देवळाच्या पायरीवरच सांगून ठेवलं होतं: आत जायचं, बसायचं, त्याच्याकडे बघायचं, यायचं. मागायचं काही नाही. मागणाऱ्यांची रांग मोठी आहे, आपण तिच्यात उभं राहायचं नाही. निवेस लहानपणी एकदाच चोरून मागायला गेली होती, बाप लढाईतून परत यावा म्हणून, आणि आईने ते तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं. रागावली नाही. "त्याला ठाऊक नाही का?" एवढंच म्हणाली. दोरांदोची छाती वाजायला लागली तेव्हाही निवेस रोज गेली, बसली, बघितलं, आली. मागितलं नाही. लोकांना तो कोरडेपणा वाटला असेल. तिला ती त्याच्या आणि आपल्यामधली बोलीच वाटत आली. आता ती नेहमीच्याच बाकावर बसे, उजवीकडच्या भिंतीशी. पाद्रीबुवांचा आवाज डाव्या अंगाने येई, म्हणजे येतच नसे. जागा बदलली असती तर ऐकू आलं असतं. शेजारची पडशीने बेजार म्हातारी एकदा खुणेने म्हणालीही, इकडे सरक. निवेस सरकली नाही. मी कुठे बसते हे त्याला माहीत आहे, तिच्या मनात आलं, आणि आपण हे जरा गुर्मीतच म्हणालो, हेही तिला कळलं. तिने ते मागे घेतलं नाही.

पण गुर्मी देवळात टिकते तशी गॅरेजमध्ये टिकत नाही. जोडणी संपत आली, दांड्यांना काशाच्या नव्या बुश बसल्या, कागदी वॉशर हातोडीने ठोकून ठोकून कापून झाले, तिन्ही कार्बुरेटर पुन्हा चादरीवर बसले, आणि ती नळी घेऊन रोज कुठल्या ना कुठल्या इंजिनाशी उजव्या कानाने उभी राहू लागली. काहीतरी ऐकू येई. पण त्या ऐकण्याचा अर्थ लागत नसे. डाव्या कानाने जे शब्द होते ते उजव्या कानाने नुसता वारा होते. मग एका दुपारी लेआर्को पुन्हा आला, तो काही बोलायच्या आत तिनेच सांगून टाकलं. "डावा कान गेलाय."

 त्याने ते केलं जे तो लहानपणी करायचा: तिच्या शेजारी येऊन बसला, आता उजव्या बाजूला. "कधीपासून?"

"हिवाळ्यापासून."

"वेडी आहेस. मला सांगायचं नाही?"

"तू काय केलं असतंस? भिंगातून बघितलं असतंस?"

तो हसला. "मग तर झालंच की, निवेस. कोरडे दे. जुळवायचा प्रश्नच येत नाही. कुणाला काही कळायचं नाही. तुझं नाव आहे तिथे राहील, झिलई आहे तिथे राहील. मी कुणापाशी अवाक्षर काढणार नाही, आईची शपथ."

किती सोपं होतं. तिला ते इतकं सोपं वाटलं की क्षणभर तिने खरंच सुटल्यासारखा श्वास सोडला. कोरडे घसे. कुणीही कधी ऐकायला येणार नाहीत असे, काचेमागे, सुंदर. त्यांना पाहून लोक म्हणतील निवेस गुइत्सार्दीने केलेले, आणि निवेस गुइत्सार्दीही तशीच राहील, वर्षानुवर्षं, मधाच्या रंगाची, आतून पुन्हा कधी ओली न होणारी. ज्याने तिला उघडं पाडलं असतं ते पेट्रोलच नको, म्हणजे प्रश्न मिटला. तिने त्या तिघांकडे बघितलं, आणि तिला त्यांचा राग आला. आयुष्यात पहिल्यांदा. किती वर्षं नुसते बसलात, तिच्या मनात आलं, आणि त्याचीच किंमत. बसल्याची.

"शनिवारी सकाळी गाडी अंगणात घे," ती म्हणाली. "वकीलसाहेबांना बोलाव. आणि येताना पेट्रोल आण. तूच आण."

"मी नाही आणणार."

"मग मी आणीन. येताना एखादी बस अंगावर घेईन, चालेल?"

त्याने आणलं.

शनिवारी धुकं पडलं होतं, छपरांपर्यंत. वकील मालागुती उंची ओव्हरकोट घालून आले आणि थंडीने पाय आपटत उभे राहिले. भला माणूस, वडिलांना फार भ्यालेला. निवेसने तिन्ही कार्बुरेटर चढवले, जोडले, आणि पंप हाताने दाबून पेट्रोल वर आणलं. आत ते पोचल्याचा वास आधी आला. लेआर्कोने तोंड फिरवलं. इंजिन पहिल्यांदा नुसतं खोकलं. दुसऱ्यांदा एका घशातून जाळ फेकला, वकीलसाहेब तीन पावलं मागे गेले आणि म्हणाले, "हेच. अगदी हेच करायची." मग ते धरलं, सुटलं, धरलं, आणि चालू राहिलं. वेडंवाकडं, लंगडत, पण चालू. निवेसने नळी उजव्या कानात घातली आणि पहिल्या घशाशी वाकली.

वारा. नुसता वारा. तिने दुसऱ्याला लावली, तिसऱ्याला, सहाही घशांशी जाऊन आली, आणि सहाही परक्या माणसांसारखे आपापलं काही पुटपुटत होते. तिने स्क्रू फिरवला, केसभर. पुन्हा वाकली. डाव्या कानाची सवय इतकी घट्ट होती की मान आपोआप तिकडे कलत होती आणि ती तिला ओढून परत आणत होती, हट्टी जनावराला आणावी तशी. तापलेल्या धातूचा वास येऊ लागला. आत, तिला माहीत होतं, झिलई या क्षणी काळवंडत होती. प्रत्येक मिनिटाला थोडी थोडी, आणि ती थांबली तरी परत येणार नव्हती. "तिसरा जरा घाईत आहे," लेआर्को तिच्या उजव्या बाजूला येऊन म्हणाला. त्याचं खरं असणार. तिला ते ऐकू आलं नव्हतं. तो कपाटाकडे गेला आणि हवेची ओढ दाखवणारं काचेच्या नळ्यांचं मापयंत्र घेऊन आला, जे हल्ली सगळेच वापरतात, जे तीही दुसऱ्यांच्या गाड्यांना बिनदिक्कत लावायची. "लावू?"

"थांब."

"निवेस, माणूस थंडीत उभा आहे."

"त्याला उभं राहायची सवय आहे, वकील आहे तो. थांब म्हटलं ना."

ती तिसऱ्याशी वाकून राहिली. किती वेळ, ते तिने मोजलं नाही. तिने जुना सुसकारा शोधायचं सोडून दिलं. तो गेला होता, डाव्या कानाबरोबर, इरिदेबरोबर, त्या सगळ्या निळ्या झग्यांबरोबर. तिला आतून एक प्रकारचा हट्ट चढत गेला. या कानाला रेशीम ऐकू येत नसेल तर न येवो. याला काय येतं? याला वाऱ्याच्या तळाशी एक खरखर येत होती. जाडीभरडी, गोणपाटावर नख ओढावं तशी. पहिल्या घशात ती होती. दुसऱ्यातही. तिसऱ्यात ती बारीक होती, वरच्या पट्टीत. तिने स्क्रू मागे घेतला. खरखर खाली उतरली, आणखी थोडी, आणि शेजारच्या खरखरीला येऊन टेकली. ती चौथ्याकडे गेली. पाचव्याकडे. परत पहिल्याकडे. इंजिनाचं लंगडणं कधी थांबलं हे तिला कळलं नाही, कारण ती इंजिन ऐकत नव्हती. ती सरळ झाली तेव्हा पाठ धरली होती, आणि वकीलसाहेब तोंड उघडं टाकून बॉनेटकडे बघत उभे होते.

"काचेवर बघायचं का?" लेआर्कोने विचारलं. ते मापयंत्र अजून त्याच्या हातातच होतं.

"तुझी मर्जी. आण तो कागद."

"आधी सही करणार?"

"आधी."

तिने बॉनेटच्या कडेवर कागद ठेवून सही केली. लेआर्कोने तिच्याकडे बघितलं, मग मापयंत्राकडे, आणि ते तसंच कोटाच्या खिशात घातलं. "ओले, असं लिहावं लागेल मला," तो म्हणाला. "गिऱ्हाईक निघून जाईल बहुतेक."

"लिही."

"तुझं नाव त्याच्याखाली येईल."

"यायलाच हवं. नीट लिही, तुझं अक्षर कुणाला लागत नाही." मग ती वकीलसाहेबांकडे वळली. "बसा गाडीत."

"मी? सिन्योरा, मी ही कधी चालवलीच नाही. बाबा हात लावू द्यायचे नाहीत."

"बाबा नाहीत आता. बसा."

ती फिरून पलीकडे गेली आणि त्यांच्या शेजारी बसली. अंगणाच्या फाटकातून गाडी बाहेर पडली, धुक्यात दिवे लावून, आधी हिसके देत. पोर्ता सारागोत्साची वेस मागे पडली, आणि डोंगरावरच्या देवळाकडे चढत जाणाऱ्या कमानींची लांब ओळ निवेसच्या उजव्या हाताला लागली. तिने काच खाली केली. गाडीचा आवाज त्या कमानींवर आपटून परत येत होता. एक कमान, भिंत, एक कमान, भिंत. आणि उघड्या खिडकीतून तिच्या त्या एका कानात ओतला जात होता, खरखरीत, गरम, पुरा. वकीलसाहेब बोलत होते. बराच वेळ बोलत असावेत. त्यांचा हात चाकावरून उठून काहीतरी समजावत होता. किमतीचं असेल, त्या गिऱ्हाइकाचं असेल, किंवा कदाचित वडिलांचं. ते तिच्या डाव्या बाजूला होते. त्यांनी मान वळवून काहीतरी विचारलं आणि उत्तराची वाट बघत राहिले.

"पुढे बघा," निवेस म्हणाली. "चढ आलाय. दुसरा गिअर टाका, आणि पाय उचलू नका."